वाफेला चढवलेला कोट

डोंबिवली,
१२ जानेवारी १९५४

चि. गुरुदत्त यास त्र्यंबकचे आशीर्वाद.

खडवलीस मंडळी खुशाल असतील. नदीकाठी थंडी फार, तेव्हा कान बांधून हिंडावे. इकडे तुझ्या अक्काचा दमा उसळला आहे आणि त्यावरच्या उपायाने माझा जीव मेटाकुटीला आला आहे.

डॉक्टर म्हणाले, कफ सुकून छातीत घट्ट बसला आहे, कोरड्या गार हवेने आणखी चिकटेल. खाटेवर चादरीचा तंबू करून आत किटलीची वाफ सोडा, पण वाफ कोमट हवी. मी आज्ञाधारक माणूस. पाणी बेताचे कोमट केले (बोट घालून पाहिले, आधी भाजले म्हणून निवू दिले) आणि किटली तंबूत ठेवली. दुपारपर्यंत वाफेचा पत्ता नाही. डॉक्टर आले ते माझ्यावरच उखडले. म्हणे पाणी खळखळा उकळायचे, कोमट लागायची ती नाकापाशी. मग हे आधी सांगायला काय झाले होते?

बरे, शेगडी खाटेशी आणावी, तर अंथरुणाला शिवलेली शेगडी सोवळ्यात चालत नाही, असे अक्काने धापा टाकीत बजावले. श्वास पुरत नव्हता, सोवळे पुरले. तेव्हा शेगडी स्वयंपाकघरात, अक्का बाहेरच्या खोलीत आणि मध्ये लांब रबरी नळी (एनिमाची आहे. उकळून घेतली. तिला कळवू नये). तिकडे किटली इंजिनासारखी फुसफुसते आणि इकडे तिच्या नाकावर नुसते गार थेंब. वाफेचे वाटेतच पाणी होत होते. संध्याकाळी तिचे ओठ निळसर दिसले. नळी गारठते म्हणून वाफ मरते, एवढे कसेबसे सुचले. पेटी उघडून लोकरीचे जे हाती आले ते नळीला गुंडाळले. घटकाभराने वाफ पोचली, कोमट. कफ सुटला. मोकळा श्वास घेऊन अक्का पहिले वाक्य बोलली ते असे:

"नळीला कोट घातलात. मला आजवर एक शाल नाही आणलीत."

टोमणा मारण्याइतका दम आला, हे काय थोडे झाले?

वडीलधाऱ्यांस नमस्कार, पोरांच्या पाठीवर हात.

तुझा मेहुणा,
त्र्यंबक

ता. क. तुझा दिवाळसणाचा काळा कोट तू आमच्याकडे जपायला ठेवला होतास, तो सुखरूप आहे. ओला आहे, पण सुखरूप. नळी बाहीत छान बसते.

पुन्हा ता. क. तिकडच्या एका लग्नाला घालायला कोट न्यायला येणार होतास. थंडी सरेपर्यंत नेऊ नये. उलट दुसरा असल्यास घेऊन यावे, दाराकडची नळी अजून उघडी आहे. येताना कल्याणला उतरून एक शालही घे. ती नळीला गुंडाळणार नाही, हे अक्काला तूच सांग. माझ्यावर तिचा विश्वास उरलेला नाही.