भिंतीपलीकडची खुर्ची

तीर्थस्वरूप भावोजींना,

साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे सध्या सहाच अंगांनी, उरलेली दोन बाकी समजावीत). ताईच्या गुडघ्यांची प्रकृती उजवा आणि डावा असा स्वतंत्र उल्लेख करून कळवावी. नुसत्या ‘बरं आहे’ने बोध होत नाही.

माझा चिडखोरपणा जावा म्हणून आपण पाठवलेली ताओ विचारांची पुस्तिका मी पेन्सिल हाती धरून दोनदा वाचली. आपण ज्याला घट्ट धरतो तेच आपल्याला धरून बसते, ते सोडले की मन निवळते, असे तिचे म्हणणे. विधान पडताळून पाहण्याजोगे वाटले. म्हणून घरातील प्रिय वस्तूंची उतरत्या क्रमाने यादी केली. (सौभाग्यवतीचा समावेश वस्तूंत केलेला नाही, हे तिला मुद्दाम सांगितले. ती म्हणाली, “उपकार झाले.”) पहिला क्रमांक बैठकीतल्या झुलत्या खुर्चीचा आला. त्याच सायंकाळी ती मी शेजारच्या निवृत्त शिंपीदादांना देऊन टाकली. त्यांनी कारण विचारले; मी म्हटले, मनःशांती. ते म्हणाले, “मग टेबलही द्या की.”

दोन दिवस मन खरोखर निवळले. तिसऱ्या दुपारी भिंतीतून कुरकुर ऐकू आली. त्यांच्या आणि आमच्या बैठकीत एकच भिंत, तीही जेमतेम चार इंची. घड्याळ लावून मोजले, तर मिनिटाला सव्वीस झोके. मी आयुष्यात अठराच्या वर गेलेलो नाही. (एवढ्या घाईने झुलून माणूस पोहोचतो तरी कुठे?) हा आवाज तुला ऐकू येतो का, असे मी सौभाग्यवतीस विचारले. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “अकरा वर्षं ऐकतेय. आता भिंतीमुळे जरा सुसह्य झालाय.”

भावोजी, मी थक्क झालो. अकरा वर्षांत मला ती कुरकुर एकदाही ऐकू आली नव्हती. मग आवाज लाकडात असतो की ऐकणाऱ्यात? खात्री करण्यासाठी शिंपीदादांकडे जाऊन दहा मिनिटे बसण्याची परवानगी मागितली. बसताक्षणी आवाज नाहीसा झाला. इकडे भिंतीला कान लावून बसलेल्या सौभाग्यवतीने मात्र तो स्पष्ट ऐकला. निष्कर्ष विलक्षण होता. अडचण एवढीच, की मला उठवेना. आता रोज चार ते साडेचार मी तेथेच असतो आणि शिंपीदादा उभे असतात. परवा म्हणाले, “साहेब, खुर्ची माणसासकट येते, हे आधी सांगायचं होतंत.” मी संधी साधून ती परत मागितली. तर म्हणतात, “छे, तुमची मनःशांती मी कशी मोडू?”

असो. खुर्चीशिवाय मी पूर्ण समाधानी आहे.

आपला आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. एक बाब स्पष्ट करणे राहिले. सदर खुर्ची आपली आहे. अकरा वर्षांपूर्वी बदलीच्या वेळी आपण ती आमच्याकडे सांभाळायला ठेवली होती. म्हणजे त्याग आपला झाला आणि आसक्ती तेवढी माझी. तरी येत्या रविवारी येऊन शिंपीदादांकडे आपण ती हक्काने मागावी. यात असत्य काहीच नाही.

ता. क. २ (हे मी लिहितेय.) भावोजी, रविवारी जरूर या. खुर्ची तुमचीच आहे, हक्काने मागा आणि येताना टेम्पो घेऊनच या, म्हणजे ती तिथूनच थेट तुमच्या घरी जाईल.