टेबलाखालची दुसरी मुलगी

मी, गुन्वोर ओस्लुंद, वय एकाहत्तर, व्यवसाय मुलांसाठी सचित्र कादंबऱ्या लिहिणे व त्यांची चित्रे काढणे, राहणार हेर्नेसांद, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. जीव मात्र ठिकाणावर नाही. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरण्यासारखं काही नाही हो." असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसावर लगेच विश्वास ठेवू नका, हे मी चाळीस वर्षं पोरांना पुस्तकांतून सांगत आले. तेव्हा मी घाबरले आहे, हे आधीच नोंदवून ठेवते.

कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार समोर बसले आहेत: खालच्या मजल्यावरची आयना विकलुंद आणि सायकल दुरुस्त करणारा रागनार सेडरहोल्म. दोघं माझे वेलदोड्याचे बन खात आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून आयना माझ्या शिवणयंत्रावरून माझ्यावर रुसली आहे.

कलम पहिले. राहते घर व बँकेतील शिल्लक माझा पुतण्या सिक्स्टेन याला मिळावी. बेटावरची झोपडी आणि होडीही त्यालाच. होडीला भोक आहे. ते त्यानेच पाडलेले असल्यामुळे त्याबद्दल त्याने तक्रार करू नये.

कलम दुसरे. माझे निवृत्त संपादक रूने यांना एक मूळ चित्र मिळावे. दारुड्या आईच्या गोष्टीत मी स्वयंपाकघरात बाटली काढली होती. "गुन्वोर, पोरं घाबरतील गं," असं म्हणत त्यांनी तिचा दुधाचा जग करायला लावला. पोरं घाबरत नाहीत, त्यांच्या घरी ती बाटली असतेच. घाबरतात ते संपादक. तो जग मी अजून त्यांना माफ केलेला नाही. बाटलीचे चित्र त्यांनी दिवाणखान्यात, पाहुण्यांना दिसेल असे लावावे.

कलम तिसरे. सपाट खणांच्या कपाटात गावागावांची नावे लिहिलेले खण आहेत. शाळेत बोलावले की मी पोरांना एकच काम देत असे: "आपापल्या घरातलं स्वयंपाकघर काढा, जसं आहे तसं." मुलं बोलताना खोटं बोलतात, आईबापांना सांभाळून घेतात, पण स्वयंपाकघर काढताना त्यांना ते जमत नाही. माझी सगळी पुस्तकं या खणांतून निघाली आहेत. ही चित्रे कोणत्याही संग्रहालयास देऊ नयेत. ज्याचे त्याला परत करावीत.

कलम चौथे. हे लिहिताना हात थांबतो आहे. तरी लिहिते.

१९९४ साली नऊ वर्षांच्या मायकेन नावाच्या मुलीने मला एक चित्र दिले. लिंबांच्या नक्षीचे मेणकापड, काचेला तडा गेलेले घड्याळ आणि टेबलाखाली उशी घेऊन बसलेल्या दोन मुली. मोठीच्या डोक्यावर लिहिले होते 'मी'. छोटीच्या डोक्यावर 'टिल्डा'. टेबलाशेजारी पुरुषाचे बूट, फक्त बूट, कपाटापेक्षा मोठे.

मला कळले होते. तेव्हाच्या तेव्हा मी फोन उचलायला हवा होता. मी पेन्सिल उचलली. त्यातून 'इंगा टेबलाखाली राहते' हे पुस्तक झाले. ते व्हायला दीड वर्ष लागले. ते दीड वर्ष त्या मुली टेबलाखालीच होत्या.

माझा एक नियम होता, चित्रकलाशाळेतही मी तो शिकवला: भीतीच्या चित्रात एकच मूल काढावे. दोन काढली तर ती एकमेकांना धीर देतात आणि वाचणाऱ्याला भीती वाटत नाही. त्या नियमाने मी टिल्डाला काढून टाकले. रबर एकदाच फिरवले.

पुस्तक त्याच शाळेत गेले. मायकेनच्या बाईंनी तिच्या घरचे लिंबांचे मेणकापड ओळखले. मायकेनला विचारले, चौकशी झाली, तिला सावत्र बापाच्या घरातून काढून सख्ख्या बापाच्या बहिणीकडे पाठवले. बाईंनी मला आनंदाने फोन केला. "तुमच्या पुस्तकामुळे एक मूल सुटलं बघा!" तो 'एक' शब्द मी नीट ऐकला. "आणि धाकटी?" एवढे दोनच शब्द विचारायचे होते. मी "फार बरं झालं" म्हणाले आणि फोन ठेवला. पुढे त्या पुस्तकाला मानसन्मान मिळाले. व्यासपीठावर जाताना दरवेळी मला वाटे की पहिल्या रांगेतून कोणीतरी उठेल आणि विचारेल. कोणी उठले नाही. चौकशी पुस्तकातल्या मुलीची झाली, आणि पुस्तकात एकच मुलगी होती.

कलम पाचवे. कॉफीच्या डब्यामागे एक बंद पाकीट आहे. तीन आठवड्यांपूर्वी आले. मागे पाठवणाऱ्याचे नाव टिल्डा नोरेन असे आहे. मंगळवारी माझे बरेवाईट झाल्यास ते न उघडता जाळावे.

(हे पाचवे कलम मी खोडत आहे. कारण पुढीलप्रमाणे.)

इथवर लिहिलेले मी साक्षीदारांना वाचून दाखवले. रागनारने हातातला बन खाली ठेवला. आयना म्हणाली, "जाळायचं? अगं, पोरांना सांगतेस की कितीही भीती वाटली तरी कुणाला तरी सांगा. आणि स्वतःला पाकीट फोडवेना! लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

"मला नाही जमणार गं, आयना. ती काय म्हणेल?"

"म्हणेल ते म्हणेल. तिनं तीस वर्षं दम धरला, तू पाच मिनिटं धर."

"मी फोडू का?" रागनारने विचारले आणि खिशातला पाना काढला. पाकीट फोडायला पाना! मला त्या स्थितीतही हसू आले. पण वाचताना पाचावर धारण बसली होती. पत्र येथे जोडत आहे. त्यातला मजकूर असा:

"गुन्वोरबाई, माझ्या मुलीच्या वर्गात सध्या तुमचं पुस्तक वाचतायत. हे तिच्या मायकेनमावशीच्या लहानपणचं स्वयंपाकघर आहे, एवढं तिला माहीत होतं. घरी आली आणि म्हणाली, 'आई, मग तू कुठे होतीस?' तेव्हा मी चार वर्षांची होते. सगळे म्हणतात, एवढ्या लहानपणचं काही आठवत नसतं, तू ताईच्या पुस्तकातलं स्वतःचं समजतेस. ताई म्हणते की तिनं तुम्हाला दिलेल्या चित्रात मी होते. ते चित्र अजून आहे का? मला भांडायचं नाही. मी खरंच तिथे होते, एवढंच मला बघायचं आहे."

कलम सहावे. चित्र आहे. हेर्नेसांदच्या खणात, वरून तिसरे. ते माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजच टिल्डाकडे जावे. सोबत मी चिठ्ठी ठेवली आहे: "तू होतीस. मला दिसली होतीस. मी तुला खोडलं आणि नंतर विचारलंही नाही." माफी मागण्याचा मजकूर चार वेळा लिहिला, तो खोटा वाटला म्हणून फाडला. मंगळवारची भीती आता दुसऱ्या नंबरावर गेली आहे. पहिली भीती ही, की ती चिठ्ठी वाचेल तेव्हा मी उत्तर द्यायला नसेन.

कलम सातवे. 'इंगा'चे मूळ चित्र मी आत्ता बाहेर काढले आहे. रबर फिरवलेल्या जागी कागद अजून खरखरीत आहे. तेथे मी शाईने छोटी मुलगी काढत आहे. रेघ वाकडी येते आहे. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत हेच चित्र छापावे. रेघ कोणीही सरळ करू नये. रूने यांनी तर अजिबात नाही.

सही: गुन्वोर ओस्लुंद

साक्षीदारांचे निवेदन: गुन्वोर यांनी आम्हा दोघांसमोर, एकाच वेळी, स्वखुशीने सही केली. त्या शुद्धीवर होत्या आणि रडत होत्या. टेबलावर चित्र वाळत असल्याने आम्ही तिघांनीही त्यांची चित्रे काढायची फळी मांडीवर घेऊन सह्या केल्या, म्हणून त्या वेड्यावाकड्या आहेत. चित्र आणि चिठ्ठी घातलेले, टिल्डा नोरेन यांच्या नावाचे पाकीट रागनार यांनी सायकलवरून नेऊन टपालपेटीत टाकले. रागनार परत येईपर्यंत गुन्वोर खिडकीशी उभ्या होत्या.

आयना विकलुंद
रागनार सेडरहोल्म

हेर्नेसांद, दिनांक १९ ऑक्टोबर २०२३