नव्वद डिग्रीची नळी

अण्णा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि हे लिहायला मी आज बसले. मी आता पन्नाशीला आले, ऑफिसात माणसं मला घाबरतात, आणि मी अजून तुम्हाला घाबरते. तुम्ही कधी आवाजसुद्धा चढवला नाहीत, हे त्यातलं अवघड.

बायोकेमिस्ट्रीची एम.एस्सी. व्हायला काय काय लागतं, हे आपल्या घरात माझ्याआधी तुम्हाला पाठ होतं. विभागाच्या फळ्यावर दर वर्षी ती यादी टाचायचं काम तुमचंच. हजेरी, प्रत्येक सत्राचे पेपर, सही झालेली जर्नल, शेवटच्या सत्रात प्रोजेक्ट आणि त्याचा बांधून घेतलेला प्रबंध, मग बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. ज्या प्रयोगशाळेत तुम्ही पंचवीस वर्षं काचेची भांडी धूत होतात, तिथेच मला प्रवेश मिळाला. त्या दिवशी येरवड्याच्या घरी बशीतला चहा संपवून तुम्ही एकच अट घातलीत: कॉलेजात मी तुम्हाला अण्णा म्हणायचं नाही, आणि तुम्ही मला बाकीच्या मुलींसारखंच मॅडम म्हणणार. आई हसली, मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. दोन वर्षं आपण एकाच बसने गेलो आणि फाटकाशी आलं की तुम्ही दहा पावलं मागे राहायचात. मला तेव्हा त्याचं वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं.

माझा प्रोजेक्ट मोड आलेल्या मुगातल्या एन्झाइमवर होता. मूग आई भिजवायची, फडक्यात बांधून द्यायची. बर्फाच्या पाण्यापासून नव्वद डिग्रीपर्यंत पाच तापमानांना ते एन्झाइम किती काम करतं, एवढंच बघायचं. एन्झाइमने साखर तयार केली की शेवटी रंगाचं औषध घालून उकळल्यावर नळीतला पिवळा रंग लाल होतो. जितकी साखर जास्त तितका लाल. असं तीनदा करायचं, म्हणजे पंधरा नळ्या. मॅडमचा, म्हणजे माझ्या गाइडचा, नियम कडक होता: जर्नल पेनाने लिहायची, चुकलेल्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारायची, बाजूला सही करायची, खाडाखोड नाही. आणि तुमचा नियम त्याहून कडक. वापरलेल्या नळ्या पोरींनी सिंकमध्ये ओतायच्या नाहीत, आहेत तशा ट्रेमध्ये ठेवायच्या.

त्या वर्षी जो तो कॉम्प्युटर शिकत होता. आत्या घरी आली की विचारायची, मुगाचं संशोधन करून कोण नोकरी देणार हिला. मलाही तीच भीती होती. म्हणून कोथरूडला क्लास लावला होता, चार वाजताचा. तुम्हाला तो पसंत नव्हता. एका वेळी एक धरावं, एवढंच म्हणाला होतात. एका दुपारी दोनदा प्रयोग झाला आणि साडेतीन वाजले. दोन्ही वेळचे आकडे जवळजवळ सारखेच आले होते. तिसरे काय वेगळे येणार होते? मी मनानेच पाच आकडे लिहिले, थोडे इकडेतिकडे करून, आणि बसकडे पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत आपण दोघंच आहोत. तुम्ही फडक्याने टेबल पुसताय, माझ्याकडे बघत नाही.

"मॅडम, काल दहाच नळ्या धुतल्या मी."

घरी हे बोलता आलं असतं तुम्हाला. घरी मी रडले असते, मोकळी झाले असते. तुम्ही ते तिथे बोललात, मॅडम म्हणून, आणि मी जर्नल मिटून घेतली. थोड्या वेळाने बघते तर माझ्या जागेवर स्टँडमध्ये पाच स्वच्छ नळ्या, शेजारी पाण्याचं भांडं तापत ठेवलेलं. प्रबंध बांधायला द्यायचा होता त्याच दिवशी. प्रयोग पुन्हा केला आणि आकडे वेगळे आले तर रेघ मारावी लागणार, रेघ मारली की मॅडम कारण विचारणार, आणि जर्नलवर सही झाली नाही तर वर्ष गेलं. तुमच्या जागेवर, तुमच्या डोळ्यांसमोर गेलं. अण्णा, त्या भीतीने मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या पाच नळ्यांत मुगाचा अर्क मी घातलाच नाही. ग्लुकोजचं पाणी घातलं, रंगाचं औषध घातलं, उकळलं आणि ट्रेमध्ये ठेवून दिलं. तुमच्या मोजणीत पंधरा व्हाव्यात म्हणून. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "झाल्या पंधरा," आणि घरी जाताना बसमध्ये पहिल्यांदाच माझ्या शेजारी येऊन बसलात.

तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षकांना चहा द्यायला तुम्हीच आत आलात. नेमके तेव्हाच त्यांनी माझं पान उघडून अगदी सोपं विचारलं. नव्वद डिग्रीची नळी दिसायला कशी असते?

"पिवळीच राहते, सर. एन्झाइम मरतं ना, साखर होतच नाही."

वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं. ग्लुकोज घातलेल्या, तुम्ही धुतलेल्या त्या पाचही नळ्या एकसारख्या लालभडक होत्या. एकही पिवळी नव्हती. पंचवीस वर्षं असल्या नळ्या धुतलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होतं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कप ठेवत होतात, बशीचा आवाजही झाला नाही. परीक्षक म्हणाले, बरोबर.

मी पास झाले. तुम्ही सगळ्या विभागाला पेढे वाटलेत, घरी आलात, आणि मला स्वतःच्या हाताने पेढा भरवलात. मी तुमच्या डोळ्यांत शोधत राहिले आणि काही सापडलं नाही. मग मला सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी लागली. गंमत बघा, मी कामच हे करते, की दुसऱ्याने तीनदा तपासलंय म्हटलं तर खरंच तपासलंय का ते बघायचं. पोरं म्हणतात, मॅडम फार खोदून विचारतात.

तुम्हाला समजलं नव्हतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले. पण तसं असतं तर त्या पेढ्याची मला आजही भीती का वाटावी? ‘झाल्या पंधरा’ म्हणताना तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, अण्णा, मी बोलले म्हणून. तुमच्या आयुष्यातलं ते एकच असेल.

जर्नल माझ्याकडेच आहे. आज काढली, ते पान उघडलं, पट्टी लावली, पेनाचं टोपण काढून अर्धा तास बसले. हे पत्र आता त्याच पानात ठेवतेय. रेघ अजून मारलेली नाही.