पंचेचाळीस मिनिटांची टाकी

१२ जानेवारी

विश्वासघात! लोधिवलीला सभा होती. विषय तोच – आमच्या वाडीची पाण्याची टाकी, जी तीन वर्षं फक्त कागदावर उभी आहे. पंचेचाळीस मिनिटं बोलले, एकही माणूस उठला नाही. लोकांचे पाय हलत होते. वाटलं, झाली जागृती! वायरी गुंडाळताना साउंडवाला इद्रिस म्हणतो, "ताई, रागावू नका. दहाव्या मिनिटाला मी तुमच्या आवाजाखालून बारीक बीट सोडतो, ठेका. नाहीतर पब्लिक उठतं."

केव्हापासून? "पहिल्या सभेपासून."

१४ जानेवारी

इद्रिसशी अबोला.

१९ जानेवारी

तोच घरी आला. सोबत ड्रमवाली सुप्रिया आणि खोपोलीच्या कारखान्यातला भिवाजी, गिटार घेऊन. बँड काढायचाय म्हणे! कॉम्प्युटरचे आवाज, वर गिटार, नाचायचं रॉक. नाव 'सिंगल फेज'. शब्द माझ्या भाषणांतले.

"लोकं नाचतील ना, ताई," भिवाजी.

जनतेनं विचार करायचाय, नाचायचं नाही! – मी. शेवटी एक अट घातली: टाकीच्या भाषणातला एकही शब्द कापायचा नाही. "कबूल," तिघंही म्हणाले. जरा जास्तच पटकन.

२ मार्च

इद्रिसच्या गोदामात रेकॉर्डिंग. भिंतींना मंडपाच्या सतरंज्या. पाणीवाटपाचा दोनशे वर्षांचा इतिहास सांगितला, आकड्यांसकट. भिवाजी गिटारवर डोकं टेकून झोपला. सुप्रिया म्हणाली, "ताई, श्वास कवा घेता तुमी?"

५ एप्रिल

आल्बम तयार. आठ गाणी. टाकीचं गाणं पाच मिनिटांचं, त्यात माझे शब्द दोन! "टाकी कुठाय?" – तेच, पुन्हा पुन्हा. बाकीचं भाषण?

"हाय ना ताई, हार्डडिस्कवर हाय," भिवाजी.

पाय आपटत निघाले. तेही तालात पडत होते. शी!

२० एप्रिल

खोपोलीत आल्बमचं प्रकाशन. निषेधाचं भाषण लिहून नेलं. माइक हातात घेतला, तर समोरची चारशे माणसं नाचत ओरडतायत – "टाकी कुठाय?" बावीस वर्षं बोलतेय. माझं वाक्य कुणी मला परत म्हणून दाखवलं नव्हतं.

डोळ्यांत पाणी आलं. स्टेजवरच्या धुरानं असेल.

१ मे

ग्रामसभा. उभी राहिले, "टाकी कुठाय?" म्हणाले आणि खाली बसले. मागच्या बायांनी खुर्च्यांवर ठेका धरला, मग सगळ्या सभेनं. सरपंच घामाघूम! काम सुरू करायची तारीख लेखी दिली. भाषण पिशवीतच राहिलं.

साउंडवर इद्रिसच होता, त्याला विचारलं. त्यानं आज बीट सोडलाच नव्हता.