पलीकडच्या वाडीकडून वाट

प्रिय बाबा,

रविवारी काकांना उत्तर द्यायचं आहे, म्हणून आत्ता लिहिते आहे. तुम्ही गेल्यानंतर गावात जे झालं ते आधी क्रमाने.

१. बंदरातला गाळ काढला.
२. होड्यांची वाट देवाच्या खडकाकडून नाही, पलीकडच्या वाडीकडून काढली.
३. आता ओहोटीलाही होड्या आत-बाहेर करतात.
४. तुमची होडी अजून माडाखाली पालथी आहे.

हे बघायला तुम्ही हवे होतात, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. तुम्ही असता तर हे झालंच नसतं.

राग आला? येऊ द्या.

बंदर गाळाने भरलं, होड्या फक्त भरतीला निघू लागल्या, तेव्हा तुम्ही चाकणच्या कंपनीत लागलात. बंदर मोकळं होईपर्यंतच, असं आईला सांगून तिला भोसरीत आणलंत. त्या एका वाक्यावर आम्ही सगळं आयुष्य भाड्याच्या घरात काढलं. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कारण परत जायचंय. आईने चऱ्होलीत घर बघून ठेवलं होतं, तुम्ही ते पाहायलाही आला नाहीत. ती गेल्यावर तिचा फोटोसुद्धा तुम्ही कपाटाला टेकवून ठेवलात. एक खिळा, बाबा. तिच्यासाठीही नाही?

मग खरंच गाळ काढायची योजना आली. त्या दिवशी तुम्ही शिफ्ट संपवून पेढे घेऊन आलात. चार दिवसांनी काकांनी नकाशा पाठवला आणि उरलेले पेढे तसेच डब्यात राहिले.

हिंजवडीत बसून मी समुद्रतळाचेच नकाशे करते. बंदराचं काम आमच्या कंपनीचं नव्हतं, पण नकाशा मला वाचता येत होता. खडकाच्या बाजूला गाळाखाली कातळ आहे, तो ड्रेजरने निघणार नाही. पलीकडे खोलवर नुसता गाळ आहे, म्हणून वाट तिकडून. एवढंच सांगितलं होतं मी. तुम्ही म्हणालात, "शिकलीस म्हणून खाडी आता तुला विचारून वळणार का?"

तुमच्याशी वाद घालणं म्हणजे भरतीला हात आडवा करणं, हे आईकडून शिकले होते.

चिंचवडला आपल्या गावच्या चाकरमान्यांच्या मंडळाची सभा झाली. खाडीच्या चिखलात कित्येक वर्षं पाय न घातलेली माणसं, पॉलिश केलेले बूट घालून, खाडीचं काय करायचं ते ठरवत होती. आपली होडी देवाच्या खडकाला तोंड दाखवूनच समुद्रात जाते, ही रीत मोडू देणार नाही, असं तुम्ही उभं राहून सांगितलंत. माझी होडी पलीकडच्या वाटेने कधी जाणार नाही, अशी खडकाची शपथही घेतलीत. गावाहून काका फोनवर होते. स्पीकरवरून त्यांचा आवाज आला, "दादानू, देव खडकार आसा, पण आमी चिखलात रुतलंव." कुणीतरी हसलं. मग सगळ्यांनी तुमच्या बाजूने हात वर केले आणि मंडळाची हरकत सरकारकडे गेली.

घरी येताना मी स्कूटरवर तुमच्या मागे होते. नाशिक फाट्याच्या सिग्नलला तुम्ही मान वळवून म्हणालात, "आता त्या पलीकडच्या वाडीच्या दारावरून जायचं आपण? त्यापेक्षा होडी कुजली तरी चालेल."

देव सभेत होता, बाबा. स्कूटरवर नव्हता.

योजना रखडली. काकांनी जाळी गुंडाळली आणि दुसऱ्या बंदरात परक्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेले. काकू खडकावरून काढायची ती कालवं गाळाखाली गुदमरून मेली. परत जायची वाट बघत आयुष्य घालवलंत, आणि ती निघायची वेळ आली तेव्हा तुम्हीच आडवे झालात. दवाखान्यातही काकांना फोनवर एकच विचारायचात, होडीवरची माडाची झापं बदलली का. बंदराचं कधी विचारलं नाहीत. का? की उत्तर माहीत होतं?

तुमच्यानंतर ती हरकत पुढे रेटायला मंडळात कुणी उरलं नाही. इतकी ती तुमची एकट्याची होती.

मागच्या महिन्यात मी गावी गेले होते. नव्या वाटेने पाणी जोरात आत येतं आणि वळसा घालून खडकाला धुऊन जातं. त्याच्या बुडाशी साचलेला चिखल गेला आहे. खडकावर पुन्हा कालवं धरली आहेत. मुडदुशी मासळी आत यायला लागली आहे. तुम्ही ज्या वाटेला खडकाचं नाव पुढे करून अडवलंत, तिनेच तुमचा खडक स्वच्छ केला. हे बघताना मला आनंद झाला, असं खोटं लिहीत नाही. बरंही वाटलं नाही.

आता होडी. काका म्हणतात, लाकूड अजून चांगलं आहे, पण आणखी एक पावसाळा पालथी राहिली तर वाळवीच खाईल. त्यांना ती पाण्यात घालायची आहे, परक्याची चाकरी सोडायची आहे. पण थोरल्या भावाची शपथ ते मोडणार नाहीत. ती उतरवायची तर खडकापुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं, आणि ते शपथ घेणाऱ्याच्या घरातल्यानेच. घरात मी एकटी उरले. मुलीने गाऱ्हाणं घातलेलं चालतं का, असं काका चाचरत विचारत होते, तर काकू चुलीपासून म्हणाली, "चेडवाचो हात लागलो म्हणान होडी बुडणा नाय."

गाऱ्हाण्यात खोटं बोलायचं नसतं. म्हणून मी शब्द देते: तुमची शपथ देवासाठी नव्हती, शेजाऱ्याच्या दारासाठी होती, हे मी खडकापुढे मोठ्याने सांगेन. दोन्ही वाड्या ऐकतील. मग होडी सुलटी करायला पहिला हात मी लावेन, आणि काका ती पलीकडच्या वाडीच्या दारावरूनच बाहेर काढतील.

हरकती घ्यायची तुम्हाला सवय आहे. असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा. उत्तर आलं नाही, तर हरकत नाही असं समजेन.

तुमची मुलगी,
वृषाली