पाणी कोणी ओतलं

सिस्टर,

तुम्ही गेल्याला बावीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. नाताळाला कार्ड पाठवायचे, छापलेल्या मजकुराखाली सही करून. आज लिहायला बसले ती तुमची आठवण दाटून आली म्हणून, असं समजू नका. आठवण दाटणं, गळा भरून येणं, हे माझं बंद पडलं आहे. चार वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा शेजारच्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, ही आता रडेल, मग रडेल. मी चहाला साखर पुरेल का ते बघत होते. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली, त्याचा परिणाम असेल असं लोक म्हणतात. लोकांना काहीतरी म्हणायचंच असतं.

यंदाच्या पवित्र गुरुवारचं सांगायचं आहे. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, तसे फादर त्या संध्याकाळी बारा जणांचे धुतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण तुमच्या वेळी बाराही पुरुष असायचे, आता बायकांनाही बसवतात. तुम्ही म्हणाला असतात, "इतके वर्षं बायाईचे पाय मळतच नव्हते का?" त्या खुर्च्यांवर बसायला लोक घरून पाय घासून, पावडर लावून येतात. यंदा एक जण तर पार्लरला जाऊन आली होती. धुण्यासारखं काही शिल्लक असलेला एकच पाय त्या बारांच्या यादीत होता, आणि तो कोणाचा, ते तुम्हाला ठाऊक आहे.

चिचगडकडची ती मुलगी. माझ्याहून वर्षभरानं मोठी. तुमच्या कुष्ठरोगाच्या दवाखान्यात तिला आईनं आणून सोडलं तेव्हा मी तुमच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात दहावीला होते. शनिवारी तुम्ही आम्हा चार मुलींना जीपमध्ये घालून मलमपट्टीला न्यायच्या. शाळेत आम्हाला इंग्रजीत रागवायच्या आणि दवाखान्यात झाडीबोलीत, कारण मंगलोरहून आल्यावर मराठी तुम्ही रोग्यांकडूनच शिकलात. ती मुलगी रोगातून पुरती बरी झाली, पुढे बाप्तिस्मा घेतला, लग्न केलं, विधवा झाली. आता गोंदियाजवळ मुर्रीला एका खोलीत राहते आणि दर रविवारी शेवटच्या बाकावर बसते. रोग गेला, पण पायांची गेलेली जाण परत आली नाही. बोटं नाहीत, उजव्या टाचेखाली जखम होते, भरते, पुन्हा होते.

तुमच्या त्या दवाखान्याचा वास मला अजून येतो. फिनाईल, खोबरेल, चुलीवरचं पाणी. तुम्ही आम्हाला शिकवत आहात. घमेल्यात आधी थंड पाणी घ्यायचं, मग वरून गरम घालायचं, मग आपला कोपर बुडवून बघायचा, आणि त्यानंतरच रोग्याला पाय ठेवू द्यायचा. पाय भिजले की खरबरीत दगडानं मेलेली कातडी घासायची, ओल्या पायाला तेल चोळायचं, आणि मग तळवा वर करून नीट बघायचा, काटा आहे का, फोड आहे का. "तिले समजत नाही न, म्हणून तुले पाहा लागते," तुम्ही म्हणायच्या. हे म्हणताना तुमच्या चेहऱ्यावर काही नसायचं. चित्रातल्या संतांच्या डोक्यामागे उजेड असतो, तसलं काही मला कधी दिसलं नाही. तुम्ही चक्क कंटाळलेल्या दिसायच्या. चाळिसाव्या पायालाही कंटाळलेल्याच आणि पहिल्यालाही. मला तेव्हा वाटायचं की हिच्यात भक्ती कमी आहे.

एका शनिवारी शाळेत गॅदरिंगची तालीम होती. माझं चांगलं काम होतं नाटकात, आणि मला दवाखान्याच्या जीपमध्ये बसवलं म्हणून मी फणफणत होते. चुलीवरचं पातेलं उचललं आणि सरळ घमेल्यात ओतलं. थंड पाणी घातलं नाही, कोपर बुडवला नाही. तिनं पाय आत ठेवले. ती मला त्यांच्या गावच्या अस्वलाची गोष्ट सांगत होती, मोहफुलं खाऊन ते झाडाखाली कसं लोळत पडलं होतं आणि तिचा मामा त्याला दगड समजून त्यावर कसा बसायला गेला. ती हसत होती. मीही हसले. पाण्यातून वाफ येत होती आणि ती हसत होती. तुम्ही दारातून आलात, तिच्या काखेत हात घालून तिला उचललंत, तेव्हा मला तिचे पाय दिसले.

तिची आई त्या दिवशी भेटायला आलेली होती. तिनं ओरडून विचारलं, "कोनं टाकलं वो पानी?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "म्या टाकलं. माही चूक झाली." आईनं तुम्हाला काय काय ऐकवलं ते मी लिहीत नाही. परतताना जीपमध्ये मी वाट बघत होते, आता रागवतील, आता घरी चिठ्ठी लिहितील. मुर्रीच्या जवळ आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "तिले तू सांगशील. आज नाही जमत तर उद्या. पन सांगा तुलेच लागते." पुन्हा कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी खोटं बोलले असते. त्या उन्हाळ्यात तिची दोन बोटं काढावी लागली.

गुरुवारी ती चर्चमध्ये पाऊण तास आधी येऊन पुढच्या खुर्चीवर बसली होती. पायाला स्वच्छ पट्टी, अंगावर इस्त्रीची साडी. यादीत तिचं नाव होतं, फादरनी स्वतः घातलेलं. तरी चर्चच्या समितीचे सेक्रेटरी आले आणि वाकून तिला काहीतरी म्हणाले. ती उठली, चप्पल शोधली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मी त्यांना पोर्चमध्ये गाठलं.

"काय सांगितलंत तिला?"

"काही नाही मॅडम, नंबर भरले म्हणालो."

"खुर्ची तर रिकामी दिसते आहे."

"मैडम, समझा करो. मोबाईलवर लाईव्ह जातं, बाहरगाव के लोग देखते हैं. पैर में पट्टी है उसके. फादर नये हैं, उनको क्या मालूम."

"पट्टी आहे म्हणूनच धुवायचे असतात पाय. घरून घासून आणलेलेच धुवायचे तर दुकानातून नवे बूट आणून तेच धुवा की."

"आप तो हर बात पे झगड़ा करती हो," ते म्हणाले आणि आत गेले. घंटा झाली. प्रवचनात फादर म्हणाले, "चेला वही है जो गुरु के पीछे पीछे चले." मागे मागे चालायला काय लागतं? बैलबंडीमागे कुत्रंही चालतं, सावलीसाठी. मी मनात हे सगळं बोलून घेतलं. मग पाय धुण्याची वेळ आली. फादरनी टॉवेल कमरेला बांधला, आणि सगळ्यांना दिसलं की एक खुर्ची रिकामी आहे. सेक्रेटरींनी इकडे तिकडे बघितलं आणि मला खूण केली.

मी गेले, सिस्टर. बाराचे अकरा झाले असते तर आभाळ कोसळणार नव्हतं. पोर्चमध्ये भांडलेली मीच उठले, सँडल काढली आणि तिच्या खुर्चीवर बसले. लोक बघत होते, फादर वाट बघत होते, आणि माझे पाय आपोआप चालत गेले. फादरनी पाणी घातलं, पुसलं. मला काहीही वाटलं नाही. लाजही नाही. मी मागे वळून बघितलं नाही एवढं मात्र आठवतं.

ईस्टरच्या रविवारी ती आली नाही. मंगळवारी मी पट्टीचं सामान घेऊन मुर्रीला गेले. ती दारातच बसली होती.

"काऊन आली वो? खुर्ची पाह्यजे का आनखी? घरात एकच हाय."

"पाय दाखव."

"तू नर्स व्हय का पोलीस?" म्हणाली, पण पाय पुढे केला. जखम चिघळली होती. मी घमेलं मागितलं, पाणी केलं, पाय भिजवला. ती बोलत होती, मी कडा साफ करत होते. बोलता बोलता तुमच्यावर आली. "तुही सिस्टर. तिनंच जाळले माहे पाय. बाकी समद्यायले माफ केलं म्या. नवऱ्याले केलं, ज्यानं गावातून काढलं त्या पाटलाले केलं. तिले नाही झालं. मेली तरी गेली नाही मी मयतीले. फादरले कबुलीत सांगतो दरसाल, का हे एक होत नाही माह्यानं."

पन्नास वर्षं, सिस्टर. बाप्तिस्मा घेतल्यापासून दर उपवासकाळात ती कबुलीच्या खिडकीशी गुडघे टेकून, तुम्ही न केलेल्या गोष्टीची तुम्हाला माफी देता येत नाही म्हणून स्वतःला पापी म्हणवून घेत होती. आणि मी तिच्या चार बाक पुढे बसून इतरांच्या ढोंगावर तोंड वाजवत होते.

मी म्हणाले, "ते पाणी मी ओतलं होतं."

"कोनतं?"

"दवाखान्यातलं. तू अस्वलाची गोष्ट सांगत होतीस तेव्हा. सिस्टरनी माझं आपल्यावर घेतलं. मला सांगायला सांगितलं होतं, मी सांगितलं नाही."

तिनं घमेल्यातून पाय काढला आणि तसाच ओला जमिनीवर टेकवला. "माही माय मरेपर्यंत तिले शिव्या देत होती," ती म्हणाली. "जाय तू." मी म्हणाले, पट्टी करू दे. "जाय म्हनलं न." मी सामान तिथंच ठेवून आले. ऑटोत बसल्यावर वाटलं की आता तरी काही होईल, छाती मोकळी होईल किंवा रडू तरी येईल. फाटक बंद होतं, मालगाडी जात होती. मी डबे बघत बसले.

शुक्रवारी पुन्हा गेले, कारण तिनं स्वतः बांधली असली तरी पट्टी तिसऱ्या दिवशी बदलावीच लागते. तिनं दार उघडं ठेवलं होतं. बोलली नाही. मी काम केलं. तुमचा तो कंटाळलेला चेहरा मला तेव्हा समजला असं म्हणणार होते, पण समजला की नाही कोण जाणे. माझाही तसाच झाला असावा, एवढंच. मनात काही उचंबळलं की मग आपण त्याच्या मागे निघायचं, असं मी शाळेपासून धरून बसले होते. उचंबळलंच नाही, आणि पट्टीचा दिवस तर येतोच.

काल तिसऱ्यांदा गेले. गाठ मारून उठले तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. माफ केलं असं म्हणाली नाही. मी माफी मागितलीही नव्हती. म्हणाली, "मले तिच्या कबरीवर ने. तिच्यासंग बोला लागते मले. येत्या मंगळवारी."

"नेते," मी म्हणाले.

हे पत्र मी कोणाला वाचून दाखवणार नाही आणि कुठे टाकणारही नाही. मंगळवारच्या आत मला कॉन्व्हेंटच्या फाटकावर जाऊन एखाद्या पोरसवदा सिस्टरला विचारावं लागेल, की तुम्हाला कुठे पुरलं आहे. गोंदियातच की नागपूरला, मला माहीत नाही. तुमच्या मयतीचा फोन आला तेव्हा मी ड्युटी आहे म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी माझी सुट्टी होती.