डाळिंबाचा जामीन

आई, डाळिंबाला यंदाही फुलं लागली आणि गळायला लागली. सकाळी परसात जातो तर तांबड्या कळ्या मातीत पडलेल्या. उचलतो, पण देवाला वाहवत नाहीत. हातात घेऊन नुसता फिरत राहतो. वाघोलीच्या आपल्या झाडाचा फाटा मी ओल्या फडक्यात गुंडाळून पुण्याला आणला आणि नारायण पेठेत घरामागं लावला, त्याचंच हे झाड. तुझ्या हातचं एवढंच माझ्याकडे उरलंय. तुझी सून म्हणते, गाय वैशाखात व्यायची आहे, गोठ्याला जागा हवी. तिचं चूक नाही. यंदा फळ धरलं नाही तर तोडीन, असं मी कबूल केलंय, आणि तेव्हापासून मला जपालाही बसवत नाही. माळ पुढं सरकते, मन परसात जातं.

आपलं झाडही आधी फळत नव्हतं. तात्या कुऱ्हाड घेऊन त्याच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, औंदा फळ दिलं न्हाईस तर सरपण करीन. तू चुलीपुढून उठून आलीस, पिठाचे हात जोडलेस. "ऱ्हाऊ द्या. ह्येला मी जामीन." एकानं झाडाला भीती घालायची, दुसऱ्यानं हमी घ्यायची, ही आपली रीत. मला हसू आलं, तर तू दटावलंस, जामीन राहिल्यावर हसायचं नसतं. मग रोज तांदळाचं धुवण त्याच्या बुडाशी. तात्या चिडवतात, जामीनदारीण पळाली तर नाही ना. तू वाकून माती उकरत राहतेस.

परवा मीही कुऱ्हाड उगारली, तात्यांचे शब्द म्हटले. तुझी सून पुण्यातच वाढलेली, तिला ही रीत सांगायची राहून गेली होती. ती पायरीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तोडायचं तर तोडा. बोलून झाड पडत नाही."

मी तसाच उभा. कुऱ्हाड खाली ठेवावी तर धमकी खोटी, घालावी तर हात होईना. उगारणाऱ्यानं स्वतः जामीन राहायचं नसतं. शेवटी जामीन म्हणून मी तुझं नाव घेतलं.

तिचे हात थांबले. "मेलेल्या माणसाचा जामीन धरतात का कुठं?"

धरत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण पूर्वी मोरीत जाणारं धुवण ती आता उंबऱ्याशी ठेवते आणि हाक मारते, जामीनदारांचं पाणी काढलंय, घेऊन जा. मी नेतो. कात्रजचं पाणी हौदात आलं की एक घागर वर घालतो. तरी चैन नाही.

हा कागद द्यायचा कुणाकडे? तुला न विचारता तुला गुंतवलंय, एवढंच सांगायचं होतं. आज धुवण घातलं, आळं नीट केलं आणि परत आलो. वर फांदीकडे पाहिलं नाही, आई.